पिशवी काढण्याआधी एक प्रश्न

गडचांदूर, कोरपना, जिवती, राजुरा या भागात आपला रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या आया-बहिणींनो, आम्ही बचत गटांच्या समन्वयक तुमच्याशी बोलतो आहोत. आज कर्ज, हप्ता, शेळीपालन असा विषय नाही. पाळीत अंगावरून जास्त जाणं आणि त्यासाठी गर्भाशयाची पिशवी काढणं, यावर बोलायचं आहे. रेडिओचा आवाज कमी करायची गरज नाही. घरातली पुरुष मंडळी ऐकत असतील तर ऐकू द्या, त्यांच्याही कामाचं आहे.

गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या एका गटाची मासिक बैठक होती. एका ताईने पस्तीस हजार रुपये कर्जाचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'घरगुती'. घरगुती म्हणजे काय, असं विचारलं तर ती आधी बोलेना. मग म्हणाली, "मॅडम, पिसवी काढतो म्हणतो मी. दोन वर्सं झाले, पाळी दहा-दहा दिवस चालते. कापूस वेचाले जातो तं दोन लुगडे संग न्या लागते. डाक्टर म्हणते गाठी आहेत, काढून टाका, म्हंजे रोजची कटकट जाते."

ताईचं वय छत्तीस. दोन लेकरं. चेहरा पांढराफटक, दोन पायऱ्या चढली की धाप लागायची. त्या गटात अकरा जणी आहेत आणि त्यातल्या तिघींची पिशवी आधीच काढलेली आहे. त्या तिघींपैकी एक म्हणाली, "काढून टाक माय, मोकळी होशील." दुसरी काही बोललीच नाही. नंतर तिने आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की पिशवीबरोबर तिची बीजकोषंही काढली होती. तेव्हापासून अंगाची लाहीलाही होते, झोप येत नाही, हाडं दुखतात. वय तिचं अजून चाळीस नाही.

बैठकीत कर्ज मंजूर करायला कोणाचा विरोध नव्हता. पण आम्ही विचारलं, "ताई, डॉक्टरांना तुम्ही विचारलं का, की दुसरा काही उपाय आहे का?" ती म्हणाली, "असं विचाराचं असते का?"

बायांनो, आजचं आमचं सगळं बोलणं या एका प्रश्नासाठी आहे. असं विचारायचं असतं.

हे दुखणं आपल्या भागात नवीन नाही, त्याबद्दलची गप्पही नवीन नाही. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी 'सर्च' संस्थेतर्फे दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या जगात नाव असलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. पण त्याआधी कधीतरी तशी तपासणी झालेल्या बायका शंभरात फक्त ८ होत्या. दुखणं घरोघरी, बोलायला मात्र कोणी नाही. त्या अभ्यासाला आता पस्तीस वर्षं उलटून गेली. आज सोनोग्राफी होते, दवाखाने वाढले. पण आपण अजूनही 'घरगुती' असंच लिहितो.

आता गाठ म्हणजे काय ते समजून घेऊ. पिशवीच्या स्नायूतून वाढणाऱ्या या गाठीला डॉक्टर फायब्रॉइड म्हणतात. पन्नाशीपर्यंत पुष्कळ बायकांना अशा गाठी होतात. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. लहान गाठ असेल आणि काही त्रास नसेल, तर तिला हात लावायची गरज पडत नाही. पाळी कायमची गेली की बहुतेक गाठी आपोआप आकसतात. त्रास होतो तो गाठ मोठी असेल किंवा पिशवीच्या आतल्या बाजूला असेल तेव्हा. मग खूप रक्त जातं, ओटीपोट जड वाटतं, लघवीला वारंवार जावं लागतं. रक्त जाऊन जाऊन हिमोग्लोबिन उतरतं. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर पाहिजे. आमच्या ताईचं ६ भरलं. तेवढ्या रक्तावर ती रोज कापूस वेचत होती.

अशा त्रासावर उपाय एक नाही, पाच-सहा आहेत. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत. लोहाच्या गोळ्या आणि इंजेक्शनं आहेत. पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन आहे, ते तांबीसारखंच दिसतं. पिशवी ठेवून फक्त गाठ काढायचं ऑपरेशन आहे. पूर्ण पिशवी काढणं हा शेवटचा उपाय. आणि या सगळ्यांच्या मधे एक असा उपाय आहे, जो आम्हालाही माहीत नव्हता. गाठीचं रक्त बंद करणं. त्याचं नाव एम्बोलायझेशन. नाव अवघड आहे, पण पाठ करून ठेवा, कारण दवाखान्यात हेच नाव सांगावं लागतं. एम्बोलायझेशन.

ते कसं करतात ते सांगतो. वावरात पाटाचं पाणी सोडलं की ते पिकालाही जातं आणि तणालाही. तण माजलं की सगळ्यात जास्त पाणी तेच ओढतं. गाठीचंही तसंच. पिशवीला रक्त देणाऱ्या दोन मुख्य नसा असतात, एक डावीकडून आणि एक उजवीकडून. गाठ वाढली की या नसांमधलं पुष्कळ रक्त ती ओढून घेते. ज्या बाऱ्यातून तणाला पाणी जातं ते बारं बुजवलं, तर तण वाळतं. डॉक्टर गाठीच्या नसांचं बारं बुजवतात.

त्यासाठी पोट उघडत नाहीत. मांडीच्या सांध्यात किंवा मनगटात तेवढीच जागा बधिर करतात. सुईने नसेत जातात आणि तिथून एक बारीक, लवचीक नळी आत सरकवतात. नळी कुठे पोचली ते एक्सरेच्या पडद्यावर दिसतं. नसा नीट दिसाव्यात म्हणून एक औषध सोडतात. नळी पिशवीच्या नसेपर्यंत पोचली की तिच्यातून अगदी बारीक कण सोडतात, बारीक रव्याच्या दाण्याएवढे. रक्ताचा ओढा गाठीकडे जास्त असतो, म्हणून कणही तिकडेच वाहत जातात आणि तिथल्या नसा बुजवतात. मग तसंच दुसऱ्या बाजूला करतात. गाठीला रक्त मिळत नाही म्हणून ती हळूहळू आकसते. पिशवी मात्र जगते, कारण तिला आजूबाजूच्या दुसऱ्या बारीक नसांतूनही रक्त मिळत असतं. हे काम करणाऱ्या डॉक्टरांना इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट म्हणतात. ते एक्सरे-सोनोग्राफीच्या शाखेतले डॉक्टर असतात.

आम्हाला वाटलं होतं की ही कालपरवाची गोष्ट असेल. तसं नाही. बाळंतपणानंतर थांबत नसलेलं रक्त अशा पद्धतीने थांबवायला १९७९ पासून सुरुवात झाली. गाठींसाठी ती कशी आली, ते ऐकण्यासारखं आहे. फ्रान्समध्ये पॅरिसला डॉ. राव्हिना नावाचे डॉक्टर होते. गाठीचं ऑपरेशन करताना फार रक्त जाऊ नये, म्हणून ते आधी नसा बंद करून घ्यायचे आणि मग ऑपरेशनची तारीख द्यायचे. पण काही बायकांचा त्रास ऑपरेशनची तारीख यायच्या आधीच इतका कमी झाला, की ऑपरेशनची गरजच उरली नाही. त्यांनी हे १९९५ साली छापलं, तेही त्याच 'लॅन्सेट'मध्ये. तेव्हापासून जगभर हा उपचार होतो. आपल्या राज्यात मुंबई, पुण्याप्रमाणे नागपूरलाही होतो. गावापर्यंत फक्त त्याचं नाव पोचलेलं नाही.

आता आमच्या ताईचं काय झालं ते सांगतो. गटाने त्या दिवशी कर्ज मंजूर केलं, पण तिला सांगितलं, "आधी दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन ये, आम्ही सोबत येतो." आमच्यातली एक आणि गटाची अध्यक्ष अशा दोघी तिच्याबरोबर राजुऱ्यावरून चंद्रपूरला सरकारी दवाखान्यात गेल्या. तिथे आधी रक्त भरलं, लोहाची इंजेक्शनं दिली. कॅन्सर नाही ना, याची तपासणी झाली. पुन्हा सोनोग्राफी झाली. गाठ आठ सेंटिमीटरची, लहान पेरूएवढी. तिथल्या मॅडमना आम्ही आमचा प्रश्न विचारला. आधी आमच्याकडे पाहिलं त्यांनी, मग खुर्चीवर बसवलं. म्हणाल्या, "पिशवी काढली तर त्रास नक्की थांबेल. पण वय कमी आहे, गाठ एकच आहे. नागपूरला विचारून बघायचं असेल तर चिठ्ठी देते."

नागपूर म्हणजे चंद्रपूरहून आणखी दीडशे किलोमीटर. एका दिवसाची मजुरी बुडते, लेकरं सासूकडे ठेवावी लागतात. नवरा म्हणाला, "इथं होते तं तिथं कायले जाता?" त्याचंही चुकीचं नव्हतं. गटाच्या अध्यक्षबाईंनी त्याला एवढंच म्हटलं, "बैलजोडी घेताना तीन बाजार पाहतेस बापू, बायकोसाठी दोन दवाखाने पाहून घे." तो हसला आणि सोबत आला.

नागपूरला मोठ्या रुग्णालयात तिचं एम्बोलायझेशन झालं. ती सांगते, "डोये उघडे होते माये. पडद्यावर नसा दिसे, झाडाच्या मुया असतेत तशा." तासाभराच्या आसपास काम चाललं. त्यानंतर काही तास पाय सरळ ठेवून झोपायचं होतं. दोन रात्री दवाखान्यात राहिली.

पण बायांनो, आम्ही गोड-गोडच सांगणार नाही. पहिल्या रात्री तिला खूप दुखलं. बाळंतपणाच्या कळांसारखं, असं ती म्हणते. रक्त तुटलं की गाठ दुखते, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं आणि दुखण्याची औषधंही सुरू होती. तरी तिने रात्रभर अध्यक्षबाईंचा हात सोडला नाही. आठवडाभर बारीक ताप आणि थकवा होता. दोन आठवड्यांनी ती घरकामाला लागली. पिशवी काढलेल्या बाईला साधारण सहा आठवडे जड उचलता येत नाही, हा फरक आपल्यासारख्या मजुरीवाल्या बायकांसाठी मोठा आहे. तीन महिन्यांनी गाठ सहा सेंटिमीटर झाली होती. पाळी पाच दिवसांवर आली. यंदा ती पुन्हा कापूस वेचायला गेली, एकच लुगडं नेसून.

हा उपाय सगळ्यांसाठी नाही, हेही ऐका. दहापैकी आठ-नऊ जणींचं जास्त जाणं यामुळे कमी होतं. पण दहातल्या दोघी-तिघींना पुढच्या पाच वर्षांत पुन्हा काही उपचार करावा लागू शकतो, कधी पिशवीही काढावी लागते. पुढे मूल हवं असेल तर डॉक्टर बहुधा फक्त गाठ काढायचं ऑपरेशन सुचवतात. पोटात गर्भ असेल, जंतुसंसर्ग असेल किंवा कॅन्सरची शंका असेल, तर हा उपचार करत नाहीत. किडनीचा त्रास असेल, कोणत्या औषधाची ॲलर्जी असेल तर आधी सांगायचं. आणि आपल्या भागात सिकलसेल आहे. सिकलसेलचं कार्ड असेल तर ते कोणत्याही उपचाराआधी डॉक्टरांच्या हातात द्यायचं, विसरायचं नाही. उपचारानंतर घरी आल्यावर जोराचा ताप आला, दुर्गंधीचा स्राव सुरू झाला किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, तर घरी थांबायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना.

आता आमची एक चूक सांगतो. ताईचं चांगलं झालं म्हणून आम्ही उत्साहात ग्रामसंघात एक नियम केला. दोन डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय पिशवी काढायला गट कर्ज देणार नाही. सगळ्यांनी हात वर केले. दोन महिन्यांतच दुसऱ्या गटातल्या एक काकू आल्या. वय सत्तेचाळीस. पिशवी पूर्ण गाठींनी भरलेली. तपासणीला पाठवलेल्या तुकड्यात बदल आढळले होते, ते पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतात असं डॉक्टर म्हणाले होते. त्यांना पिशवी काढायचीच होती आणि ते बरोबरही होतं. आम्ही नियम दाखवला. त्या म्हणाल्या, "माई पिसवी ठेवाची का काढाची, हे आता गट ठरवनार का? आधी नवरा ठरवे, मंग डाक्टर. आता तुम्ही."

आमच्याकडे उत्तर नव्हतं. काकूंना कर्ज दिलं, सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं, आज त्या ठणठणीत आहेत. आणि आम्ही नियम बदलला. आता आजारपणाचं कर्ज कोणाचंच अडवायचं नाही. त्याऐवजी दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं असेल तर गाडीभाडं आणि जेवणाचे पैसे ग्रामसंघाच्या आरोग्य निधीतून द्यायचे, परत न घेता. आणि एक बाई सोबत जाणार. ठरवायचं मात्र तिनेच. आपल्या दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहे, ते वहीत लिहिण्यापुरतं राहू नये म्हणून हे केलं. आतापर्यंत सात जणी या पैशातून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या. तिघींना गोळ्यांनी बरं वाटलं. दोघींनी पिशवी काढली. एकीने हार्मोनचं साधन बसवलं. एक नागपूरच्या तारखेची वाट पाहते आहे.

विचारायचं का, याचं कारण बीडने सगळ्या महाराष्ट्राला दाखवलं आहे. २०१९ मध्ये सरकारच्या समितीने तिथल्या ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी केली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. पाळीत काम बुडतं, मुकादमाचा दंड बसतो, कॅन्सरची भीती घातली जाते, म्हणून तरण्या बायकांनी पिशव्या काढल्या. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं, की गरज नसताना पिशवी काढण्याचे प्रकार थांबवण्यासाठी केंद्राने केलेली नियमावली तीन महिन्यांत लागू करा. म्हणजे आपण प्रश्न विचारतो तेव्हा डॉक्टरांवर अविश्वास दाखवत नाही. आपला हक्क वापरतो. चांगल्या डॉक्टरांना प्रश्नाचा राग येत नाही, चंद्रपूरच्या मॅडमनी आम्हाला खुर्ची दिली होती.

तर दवाखान्यात जाताना हे पाच प्रश्न कागदावर लिहून न्या. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या लेकीकडून लिहून घ्या.

पहिला, माझं हिमोग्लोबिन किती आहे आणि आधी ते कसं वाढवायचं?

दुसरा, गाठ किती मोठी आहे, कुठे आहे, कॅन्सरची तपासणी झाली का?

तिसरा, गोळ्या किंवा हार्मोनच्या साधनाने बरं वाटेल का?

चौथा, एम्बोलायझेशन माझ्यासाठी चालेल का? नसेल तर का नाही?

पाचवा, पिशवी काढायचीच असेल तर बीजकोष ठेवणार का?

सगळे कागद, सोनोग्राफीची फिल्म, रक्ताचे रिपोर्ट एका पिशवीत जपून ठेवा, दवाखान्यात देऊन टाकू नका. पैशांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा आणि तुमचा उपचार योजनेत बसतो का, हे दाखल व्हायच्या आधी विचारा. योजनेचा फोन नंबर १५५३८८ आहे. खाजगीत एम्बोलायझेशनचा खर्च लाखाच्या वर जाऊ शकतो, म्हणून हे आधी विचारणं महत्त्वाचं.

आणि ज्यांची पाळी गेल्याला वर्ष झालं आणि पुन्हा अंगावरून जायला लागलं, त्यांनी कशाचीच वाट पाहू नका, बैठकीचीही नाही. लगेच तपासून घ्या.

एक शेवटचं. नस बंद करून रक्त थांबवायचा हा उपाय फक्त गाठीसाठी नाही. बाळंतपणानंतर रक्त थांबत नसेल, टीबीच्या रुग्णाच्या खोकल्यातून खूप रक्त पडत असेल, अपघातात पोटात रक्तस्राव होत असेल, अशा वेळीही मोठ्या दवाखान्यात तो करतात. पण अशा वेळी आपलं काम एकच, गाडी बोलावून दवाखाना गाठणं. बाळंतिणीसाठी १०२, बाकी कोणत्याही तातडीला १०८.

त्या ताईने परवा बैठकीत नवीन कर्जाचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात स्पष्ट लिहिलं आहे, 'शिलाई मशीन'. आम्ही सगळ्या हसलो. पण आम्हाला जास्त आनंद दुसऱ्या एका अर्जाचा झाला. एका नवीन सुनेने, विशीतल्या, स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'पाळीत जास्त जाते, तपासणीसाठी'. तिने 'घरगुती' लिहिलं नाही.

पुढच्या बैठकीत तुमच्या गटातही हा विषय काढा. कोणी बोललं नाही तरी चालेल, विषय काढा. बैठक संपल्यावर एखादी दाराशी थांबेल, तिच्याशी बोला.